‘सुटले’ की ‘सोडले’? : सोप्या बातमीतून फिन्निश भाषेचा पहिला पाठ

फिनलंड या देशाची एकूण लोकसंख्या सुमारे 56 लाख आहे. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांवर भरली होती. असे असता पुण्यातील एका बौद्ध निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत फिन्निश भाषेचा पाठ कशासाठी, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याला आमची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर भाषेचे आहे. फिन्निश ही आपल्या भाषाकुळातील नाही. मराठी, पाली, संस्कृत, इंग्रजी या एका मोठ्या कुळातील भाषा. फिन्निश वेगळ्या, उराली नावाच्या कुळातील. तरीही मराठी विद्यार्थ्याला तिच्यात परक्यासारखे वाटत नाही. नामाला प्रत्यय लावून अर्थ सांगण्याची तिची रीत आपल्याला जन्मापासून परिचित आहे.

दुसरे उत्तर बातम्यांचे आहे. फिनलंडच्या सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थेतर्फे मुद्दाम सोप्या भाषेत बातम्या दिल्या जातात. वाक्ये लहान, शब्द रोजच्या वापरातले, वाचन संथ. नवागत स्थलांतरित, वाचनात अडचण येणारी माणसे, वृद्ध, भाषा शिकणारे अशा सर्वांसाठी ही सोय आहे. अशा भाषेला तेथे ‘सेल्कोकिएलि’ म्हणतात. ‘सेल्को’ म्हणजे स्वच्छ, उघड. ‘किएलि’ म्हणजे भाषा, आणि जीभदेखील. ‘बातमी सर्वांना कळली पाहिजे’ हे तत्त्व एका देशाने व्यवहारात आणलेले आहे. ते कसे आणले, हे पाहण्यासारखे आहे.

या पाठासाठी आम्ही एका खाणीच्या प्रदूषणाचा विषय घेतला आहे. पुढील फिन्निश वाक्ये आम्ही पाठासाठी स्वतः रचली असून, घटना मात्र खरी आहे.

उच्चार

फिन्निश लिहिल्याप्रमाणे वाचली जाते आणि शब्दातील पहिल्या अक्षरावर जोर येतो. देवनागरीत ती उतरवताना आम्ही पुढील नियम पाळले आहेत. शब्दातील प्रत्येक स्वर लिहून दाखवला आहे. म्हणून जेथे काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही, तेथे व्यंजन हलन्त वाचावे. दीर्घ ‘आ’, ‘ए’, ‘ॲ’ दाखवण्यासाठी अवग्रह (ऽ) वापरला आहे. मराठी लेखनात शब्दाच्या शेवटची वेलांटी आपण दीर्घ लिहितो. येथे उच्चार ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्वच लिहिली आहे. ‘ॲ’ हा ‘बॅट’ मधला स्वर समजावा. फिनलंडमधील नावे पाठाबाहेरच्या मराठी वाक्यांत आपल्या लेखनवळणाने लिहिली आहेत.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न येथे केवळ शुद्धलेखनाचा नाही, अर्थाचा आहे. ‘तुलि’ म्हणजे अग्नी, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. व्यंजन एकेरी की दुहेरी, यानेही अर्थ बदलतो. धम्म, निब्बान, सिक्खा, तण्हा असे शब्द नित्य उच्चारणाऱ्या, पालीचा सराव असलेल्या विद्यार्थ्याचे कान या बाबतीत आधीच तयार असतात. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. फिन्निशमध्ये शंभराला ‘साता’ म्हणतात. संस्कृत ‘शत’, पाली ‘सत’ यांच्या पूर्वजाकडून हा शब्द हजारो वर्षांपूर्वी उसना घेतला गेला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. कुळे भिन्न असली तरी शेजाऱ्यांत उसनवारी चालतेच.

पाठ

1. सोत्कामोस्सा ओन काइवोस. — सोत्कामोत खाण आहे.

2. काइवोक्सेस्सा ओन आल्लास. — खाणीत कुंड आहे.

3. आल्लास वुओताऽ. — कुंड गळते.

4. वेसि वालू आल्ताऽस्ता यॅर्वेऽन. — पाणी कुंडातून तळ्यात वाहते.

5. वेदेस्सॅ ओन निक्केलिॲ. — पाण्यात निकेल आहे.

6. वेसि एइ ओले पुह्दास्ता. — पाणी स्वच्छ नाही.

7. इह्मिसेत ओवात हुओलिस्साऽन. — माणसे काळजीत आहेत.

8. कुका माक्साऽ? — खर्च कोण भरतो?

या आठ वाक्यांत एक संपूर्ण बातमी आहे. कोठे, काय, कोठून, कोठे, पाण्यात काय, माणसांचे काय आणि पुढे काय, या सर्वांची उत्तरे किंवा प्रश्न तीत आले आहेत. विद्यार्थ्यांनी ती प्रथम मोठ्याने वाचावीत, मग अर्थ झाकून वाचावीत.

सामान्यरूप व विभक्ती

‘पाणी’ या शब्दाला ‘त’ प्रत्यय लावताना आपण ‘पाणीत’ म्हणत नाही, ‘पाण्यात’ म्हणतो. तळे, पण तळ्यात. विहीर, पण विहिरीत. प्रत्ययापूर्वी नामाचे जे रूप होते त्याला मराठी व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. इंग्रजी भाषकाला ही कल्पना समजावून द्यावी लागते. मराठी मुलाला ती ठाऊकच असते. फिन्निशमध्ये ‘वेसि’ म्हणजे पाणी, पण पाण्यात म्हणजे ‘वेदेस्सॅ’. ‘वेदे’ हे त्याचे सामान्यरूप. ‘आल्लास’ म्हणजे कुंड, त्याचे सामान्यरूप ‘आल्ताऽ’. ‘काइवोस’ म्हणजे खाण, त्याचे ‘काइवोक्से’. शब्द पाठ करताना त्याचे सामान्यरूपही बरोबर पाठ करावे, हा आमचा पहिला आग्रह आहे.

फिन्निशमध्ये पंधरा विभक्ती मानल्या जातात. त्या ऐकून घाबरण्याचे कारण नाही. या पाठाला तीन पुरतात.

‘आत’ या अर्थी ‘स्सा’ किंवा ‘स्सॅ’ : यॅर्वेस्सॅ — तळ्यात (आहे).

‘आतून’ या अर्थी ‘स्ता’ किंवा ‘स्तॅ’ : यॅर्वेस्तॅ — तळ्यातून.

‘आत जाणे’ या अर्थी बहुधा शेवटचा स्वर लांबवून ‘न’ : यॅर्वेऽन — तळ्यात (गेले).

प्रत्ययात ‘आ’ येणार की ‘ॲ’, हे मूळ शब्दातील स्वर ठरवतात. शब्दात ‘आ’, ‘ओ’ किंवा ‘उ’ असेल तर प्रत्ययातही ‘आ’. म्हणून सोत्कामोस्सा, पण यॅर्वेस्सॅ.

आता मराठीशी ताडून पाहू. ‘पाणी तळ्यात आहे’ आणि ‘पाणी तळ्यात गेले’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘तळ्यात’ असेच म्हणतो. स्थिर असणे आणि आत शिरणे यांतील भेद आपल्याकडे क्रियापद सांगते. फिन्निशमध्ये तो नामाचा प्रत्ययच सांगतो. म्हणून त्या भाषेत प्रश्नही तीन आहेत : ‘मिस्सॅ’ म्हणजे कोठे (आहे), ‘मिस्तॅ’ म्हणजे कोठून, ‘मिहिन’ म्हणजे कोठे (गेले). प्रदूषणाच्या बातमीला हे तीन प्रश्न जणू मुद्दाम घडवल्यासारखे लागू पडतात. विष कोठे आहे, कोठून आले आणि कोठे चालले आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय फिन्निशमध्ये साधे वाक्यही रचता येत नाही.

सातव्या वाक्यातील ‘हुओलिस्साऽन’ हा शब्द पाहा. ‘हुओलि’ म्हणजे काळजी. त्याचे अनेकवचन, ‘आत’ अर्थाचा प्रत्यय आणि शेवटी ‘आपापल्या’ अर्थाचे शेपूट असा तो बनला आहे. फिन्निश माणूस काळजीच्या आत असतो आणि मराठी माणूसही ‘काळजीत’ असतो. हजारो मैलांवरच्या दोन असंबद्ध भाषांनी माणसाची तीच अवस्था एकाच विभक्तीत मांडावी, ही गोष्ट आम्हाला विलक्षण वाटते.

नकार

फिन्निशमध्ये ‘नाही’ हा स्वतः क्रियापदासारखा चालतो. मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. येथे पुरुष व वचन ‘नाही’ वर दिसते. फिन्निशमध्ये अगदी तसेच : ‘एन मेने’, ‘एत मेने’, ‘एइवॅत मेने’. सहाव्या वाक्यातील ‘एइ’ हे तृतीय पुरुषी एकवचनी ‘नाही’ आहे. तिसऱ्या पुरुषात फिन्निशला लिंगभेद नाही. तो, ती, दोघांनाही एकच सर्वनाम. तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तेवढीच विश्रांती.

घटना

भाषेचा सांगाडा हाती आल्यावर आता बातमीच्या मुळाशी जाऊ. पूर्व फिनलंडमधील काइनू प्रांतात सोत्कामो नावाची नगरपालिका आहे. तिच्या हद्दीतील ताल्विवारा येथे 2008 मध्ये निकेल व जस्ताची खाण सुरू झाली. ‘ताल्वि’ म्हणजे हिवाळा. ‘वाऽरा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक रानाने झाकलेली टेकडी आणि दुसरा धोका. गावकऱ्यांनी नाव ठेवले ते टेकडीवरून. दुसरा अर्थ पुढे परिस्थितीने जोडला.

येथील धातुकात निकेलचे प्रमाण अत्यल्प असल्यामुळे ते भट्टीत वितळवून काढणे परवडत नाही. म्हणून दगड फोडून त्याचे प्रचंड ढीग रचले जातात, त्यांत हवा खेळवली जाते आणि वरून आम्लयुक्त द्रव झिरपवला जातो. ढिगातील जिवाणू खनिजाचे विघटन घडवतात आणि धातू त्या द्रवात उतरतात. धातू काढून घेतल्यावर उरलेले आम्ल चुन्याने शमवले की जिप्समचा गाळ तयार होतो. हा गाळ साठवण्यासाठी बांध घालून केलेले विस्तीर्ण कुंड म्हणजे आपल्या पाठातील ‘आल्लास’.

खाणीवर पाणी अपेक्षेपेक्षा फार साचले. पाऊस आणि वितळलेला बर्फ यांचे हे जास्तीचे पाणी गाळासाठी असलेल्या कुंडात साठवले जाऊ लागले. 4 नोव्हेंबर 2012 रोजी हे कुंड गळू लागल्याचे आढळले. दोन लाख घनमीटरहून अधिक दूषित पाणी बाहेर पडले. त्यात निकेल, इतर धातू व सल्फेट होते. युरेनियमही होते, कारण ते तेथील खडकातच अल्प प्रमाणात असते. एप्रिल 2013 मध्ये त्याच कुंडाला पुन्हा गळती लागली.

फिनलंडमध्ये लहानमोठी मिळून सुमारे 1 लाख 88 हजार तळी आहेत. त्यांपैकी काही या पाण्याच्या वाटेवर होती. त्यांतल्या एकाचे नाव ‘किवियॅर्वि’ : किवि म्हणजे दगड, यॅर्वि म्हणजे तळे. खाणीचे सल्फेटयुक्त पाणी जड असते. ते तळ्याच्या बुडाशी जाऊन बसले. थंड प्रदेशातील तळ्यांचे पाणी वसंतात व शरदात वरखाली होऊन ढवळले जाते आणि त्यातूनच तळाशी प्राणवायू पोहोचतो. जड थर तळाशी बसल्यामुळे हे ढवळणे खुंटले. वरून पाहणाऱ्याला तळे निळेच दिसत होते.

आठव्या वाक्यातील प्रश्नाचे उत्तरही सांगितले पाहिजे. खाण चालवणारी कंपनी 2014 मध्ये दिवाळखोरीत गेली. 2015 मध्ये शासनाच्या मालकीच्या तेर्राफामे या कंपनीने खाण ताब्यात घेतली. म्हणजे भार शेवटी जनतेच्या तिजोरीवर आला. 2016 मध्ये न्यायालयाने जुन्या कंपनीच्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना पर्यावरण दूषित केल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरवून दंड केला. खाण आजही चालू आहे. तिच्यातील निकेलपासून विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी लागणारे रसायन तेथेच बनते. धूर न सोडणारी वाहने पुण्याच्या रस्त्यांवर वाढावीत असे आपल्याला वाटते. त्यासाठी लागणारा धातू कोणत्या तरी टेकडीच्या पोटातून, कोणत्या तरी तळ्याच्या शेजारून येतो, हेही आपल्याला ठाऊक असावे.

एका ‘त’ चे मोल

या पाठाचा गाभा आता येतो. पुढील तीन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

वेसि पॅऽसि यॅर्वेऽन. — पाणी तळ्यात सुटले.

वेसि पॅऽस्तेत्तीन यॅर्वेऽन. — पाणी तळ्यात सोडण्यात आले.

युह्तिओ पॅऽस्ति वेदेन यॅर्वेऽन. — कंपनीने पाणी तळ्यात सोडले.

(‘युह्तिओ’ म्हणजे कंपनी. तिच्यातील पहिला स्वर ओठ गोल करून उच्चारलेला ‘ई’ आहे, शेवटचा ओठ गोल करून उच्चारलेला ‘ए’.)

‘पॅऽसि’ आणि ‘पॅऽस्ति’ यांत अंतर एका ‘त’ चे आहे. पहिल्यात पाणी आपण होऊन गेले. दुसऱ्यात कोणी तरी ते जाऊ दिले. मधल्या वाक्यात सोडणारे माणूसच आहे, पण ते पडद्याआड आहे.

मराठीतही हीच तीन दारे आहेत. सुटणे–सोडणे, फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, मरणे–मारणे, गळणे–गाळणे अशा जोड्या आपण बोलताबोलता वापरतो. ‘सोडले’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि ‘ने’ हा प्रत्यय त्याचे उत्तर मागतो. ‘सुटले’ म्हटले की प्रश्न मावळतो. ‘सोडण्यात आले’ ही कचेरीची भाषा. तीत कृती असते, कर्ता नसतो. वर्तमानपत्रे, परिपत्रके व अहवाल यांत हा प्रयोग इतका रुळला आहे की तो खटकेनासा झाला आहे.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक ‘सुटले’ ही लबाडी नसते. ताल्विवाराचे कुंड खरोखरच गळले. ‘आल्लास वुओताऽ’ हे वाक्य खोटे नाही. परंतु त्या कुंडात इतके पाणी आले कसे, ते कोणी साठवले, या प्रश्नांना ‘वुओताऽ’ उत्तर देत नाही. गळणे हे कुंडाचे असते. साठवणे हे माणसाचे असते. खरी बातमी दोन्ही क्रियापदे देते. सम्यक् वाचा म्हणजे केवळ कठोर शब्द टाळणे नव्हे. जे जसे घडले ते तसे सांगणे हीही सम्यक् वाचाच. घडलेल्या अपघाताला कारस्थान म्हणणे जितके असत्य, तितकेच केलेल्या कृत्याला अपघात म्हणणेही असत्य.

गोमंतकाचे उदाहरण

हा विषय केवळ उत्तर ध्रुवाजवळचा नाही. ज्या 2012 साली ताल्विवाराचे कुंड गळले, त्याच साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी देशभर चर्चेत होत्या. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा बेकायदा खाणकामासंबंधीचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत मांडला गेला आणि 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. ताल्विवाराची गळती उघड झाली ती त्यानंतर महिन्याभरात.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत उघड्या खाणींतून खनिज काढले जाई, ट्रकांनी नदीकाठी येई आणि मांडवी व जुवारी नद्यांतून बार्जने मुरगाव बंदराकडे जाई. एक टन खनिजामागे दोन-तीन टन निरुपयोगी माती व मुरूम काढावा लागतो. त्याचे डोंगर खाणींशेजारी उभे राहिले. पावसाळ्यात त्यांची लाल माती ओहोळांतून भातशेतीत आणि नद्यांत उतरे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तळातले पाणी उपसावे लागते. त्यामुळे आसपासच्या विहिरी आटत.

21 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती असा निर्णय दिला आणि वार्षिक उत्खननावर 2 कोटी टनांची मर्यादा घातली. पुढे 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून काम थांबले.

आता याच गोष्टी सांगणारी मराठी वाक्ये पाहा : ‘शेतात माती आली’, ‘विहिरी आटल्या’, ‘नदी लाल झाली’. तिन्ही वाक्ये खरी आहेत आणि तिन्हींत कर्ता नाही. दुसऱ्या बाजूची वाक्येही पाहा : ‘खाणी बंद पडल्या’, ‘रोजगार गेला’. ट्रक व बार्ज कर्ज काढून घेतलेल्यांचे आणि खाणीवरच्या मजुरांचे हे दुःखही खरेच. त्यातही कर्ता नाही. माती ज्यांच्या शेतात आली आणि ज्यांचा रोजगार गेला, ती पुष्कळदा एकाच गावची माणसे होती. कर्ता सांगितला नाही की अशी माणसे एकमेकांनाच कर्ता समजू लागतात. व्याकरणातील एका रिकाम्या जागेमुळे गावात फूट पडू शकते, ती अशी.

सोपी भाषा हा कोणाचा अधिकार?

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षू बंधूंनी भगवंतांपाशी अशी इच्छा व्यक्त केली की, निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदोबद्ध संस्कारित भाषेत घालावे. भगवंतांनी हे अमान्य केले. लोकांनी आपापल्या भाषेत बुद्धवचन शिकावे अशी अनुज्ञा त्यांनी दिली, असाच अर्थ बहुसंख्य आधुनिक अभ्यासक लावतात. ज्ञानाची भाषा ऐकणाऱ्याने गाठायची की सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यापर्यंत यायचे, या प्रश्नाचा निकाल तेव्हाच लागला होता.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विद्यार्थिदशेत शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. भाषेचे दार कसे बंद केले जाते, हे त्यांनी अनुभवले होते. त्यांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले, ते मराठीत. आणि पुढे पालीचा शब्दकोशही त्यांनी सिद्ध केला. परकी भाषा शिकणे आणि आपल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणे या दोन गोष्टी त्यांच्या जीवनात परस्परविरोधी नव्हत्या.

सोप्या भाषेविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. सोपे म्हणजे अपुरे, बाळबोध असे मानले जाते. वरील आठ वाक्यांत अवघड शब्द एकही नाही, परंतु महत्त्वाचे काही सुटलेलेही नाही. उलट, ‘सांडपाण्याच्या निस्सारणामुळे जलस्रोतांवर प्रतिकूल परिणाम झाल्याचे निदर्शनास आले आहे’ हे वाक्य भारदस्त असून त्यात कोणाचे सांडपाणी, कोणता जलस्रोत, कोणता परिणाम, कोणाच्या निदर्शनास, यांपैकी काहीच नाही. कठीण भाषा नेहमी खोल असते असे नाही. पुष्कळदा ती केवळ गढूळ असते.

भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे; पाण्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून ते दिले आहे. भिक्षूंनी स्वतः जमीन खणू नये, पाण्यात थुंकू नये, असेही विनयाचे नियम आहेत. गृहस्थांना हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत आणि खाणीवाचून आजचे जग चालणारही नाही. परंतु माती व पाणी यांना हात लावताना थांबून पाहावे, ही त्यामागची वृत्ती सर्वांसाठी आहे. ज्या समाजाला 20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्यावर पाण्याची एक ओंजळ घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या मुलांनी पाण्याविषयीचे प्रत्येक वाक्य डोळसपणे वाचले पाहिजे. तळे सर्वांचे आहे, हे तेव्हा सिद्ध करावे लागले. तळ्यात काय आहे हे कळणे हाही त्याच अधिकाराचा पुढचा भाग आहे.

स्वाध्याय

1. पाठातील आठ वाक्ये न पाहता लिहा. मग ‘यॅर्वि’ (तळे) ऐवजी ‘योकि’ (नदी) हा शब्द घालून चौथे वाक्य पुन्हा लिहा. नदीत जाणे = योकेऽन, नदीत असणे = योएस्सा, नदीतून = योएस्ता. सामान्यरूपात ‘क’ कोठे राहतो व कोठे गळतो, ते लक्षात घ्या.

2. मराठीतील ‘सुटणे–सोडणे’ प्रमाणे आणखी दहा जोड्या शोधा. प्रत्येकीची दोन वाक्ये करा.

3. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे या दुर्घटनेची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला. घरातील किंवा शेजारच्या वृद्धांकडून ही हकीकत ऐका आणि ती दहा लहान वाक्यांत लिहा. ‘धरण फुटले’ या वाक्यानंतर कोणते प्रश्न विचारले पाहिजेत, त्यांची यादी करा.

4. मुठा किंवा मुळा नदीविषयीची वर्तमानपत्रातील एक बातमी घ्या. तीत ‘झाले’, ‘आले’, ‘करण्यात आले’ ही क्रियापदे किती वेळा येतात ते मोजा. प्रत्येक ठिकाणी ‘कुका’, म्हणजे कोण, असा प्रश्न विचारा. उत्तर बातमीत असेल तर वाक्य ‘ने’ प्रत्ययासह पुन्हा लिहा. उत्तर बातमीत नसेल तर तेथे कर्ता कल्पनेने घालू नका; जागा रिकामी ठेवा आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा.

5. तीच बातमी आता आपल्या वसतिगृहातील पाचवीच्या विद्यार्थ्याला समजेल अशी आठ वाक्यांत लिहा. त्याला वाचून दाखवा आणि नंतर त्याच्याकडूनच ऐका. त्याला जे सांगता आले नाही, ते वाक्य पुन्हा लिहा.

चौथ्या स्वाध्यायातील प्रश्नचिन्हे खोडून टाकू नयेत, अशी आमची विद्यार्थ्यांना सूचना आहे. ती एका वहीत तारखेसह उतरवून ठेवावीत. काहींची उत्तरे पुढच्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात मिळतील, काहींसाठी माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज लिहावा लागेल. अर्ज लिहिताना वाक्ये लहान असावीत, शब्द रोजचे असावेत आणि प्रत्येक प्रश्नात कोण, कोठे, कोठून, किती यांपैकी एक शब्द असावा. एवढे साधले तर हा पहिला पाठ पुरा झाला असे आम्ही समजू, आणि दुसऱ्या पाठात भूतकाळ शिकवू.